अग्निशमन केंद्रासमोरचं शिल्प: ज्वाला की जवान हे नंतर, आधी बंबाची वाट आखा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीत तुमच्या उपनगरात नवीन अग्निशमन केंद्र होतंय, छोटंच, दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. आर्किटेक्टनं तुम्हाला समोरच्या बाजूला एक शिल्प करायला सांगितलंय, बजेट साधारण ८ लाख. तुमच्याकडं दोन स्केचेस तयार आहेत, एक मोठी ज्वाला आणि दुसरं लहान मुलाला छातीशी धरून बाहेर येणारा जवान. समितीतले काहीजण म्हणतायत फायबरमध्ये करा, स्वस्तात बसेल. तर दोन्हीतलं कुठलं घेऊ आणि फायबर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

या दोन्ही गोष्टी ठरवायची वेळ अजून आलेली नाही असं मला वाटतं. मी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात बरीच वर्षं सार्वजनिक जागांची कामं करतेय, त्यात एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचंही काम केलंय, आणि तिथं मला जे पक्कं कळलं ते असं की चौकातलं, बागेतलं शिल्प आणि अग्निशमन केंद्रातलं शिल्प यात मोठा फरक आहे. बागेत शिल्प आधी येतं आणि माणसं त्याच्याभोवती वाट काढतात. इथं वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की पुढच्या मिनिटाला गाडी गेटबाहेर पाहिजे, म्हणजे शिल्पानं गाडीची वाट सोडून जे उरतं तेवढ्यातच उभं राहायचं. शिल्प कुठं नको हे आधी ठरवा, मग कुठं आणि काय ते बघू.

बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे हेही सांगून टाकते. शिल्प कंपाउंडच्या आत येणार की बाहेर रस्त्याकडेला, खाली काळी माती किती खोल आहे, केंद्र गावभागासारख्या पाणी येणाऱ्या बाजूला आहे की नदीपासून लांब उंचावर, आणि तिथं नंतर बघणारं कोण आहे, या चार गोष्टी मला माहिती नाहीत, त्यामुळं काही ठिकाणी मी ‘असं असेल तर असं’ म्हणणार आहे.

पहिलं काम म्हणजे स्केचबुक घेऊन सध्याच्या कुठल्यातरी चालू केंद्रावर जाऊन बसा. परवानगी काढा, चहा घ्या, ड्रायव्हरशी बोला. अधिकाऱ्यांशी बोलालच, पण जागेचं खरं ज्ञान ड्रायव्हरकडं असतं. मी ज्या केंद्राचं काम केलं तिथल्या ड्रायव्हरनं मला दोन गोष्टी सांगितल्या ज्या कुठल्याच नकाशावर नव्हत्या. एक म्हणजे भरलेला बंब आणि रिकामा बंब सारखा वळत नाही. टाकीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार-पाच टन वजन, ते वळणावर हलतं, त्यामुळं जाताना तो वळण मोठं घेतो. दुसरं म्हणजे परत आल्यावर गाडी रिव्हर्स घेऊन आत लावतात, तोंड कायम रस्त्याकडं, आणि रात्री दमून आलेला माणूस आरशात बघून मागं घेत असतो, तेव्हा मागच्या बाजूला कमरेएवढं काहीतरी उभं असेल तर ते त्याला दिसत नाही. आपण शिल्पकार लोक समोरून बघायची सवय असलेले, आपल्या डोक्यात हे येतच नाही.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये इमारतीभोवती फायर इंजिन फिरायला वळणाची त्रिज्या किमान ९ मीटर धरलेली आहे. तो आकडा डोक्यात असू द्या, पण त्यावर थांबू नका. प्लॉटवर फक्की मारून घ्या, खेळाच्या मैदानावर मारतात तशीच, आणि ड्रायव्हरला विनंती करून भरलेली गाडी दोन-तीनदा बाहेर काढायला लावा आणि आत घ्यायला लावा. चाकं कुठून गेली ते दिसेलच, पण गाडीचं नाक आणि शेपूट चाकांच्या बाहेर किती जातं तेही बघा. इमारत अजून पूर्ण नसेल तर मोकळ्या मैदानावर तेवढंच माप आखून करा. मग गेटमधून बाहेर पडताना ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावी-उजवीकडचा रस्ता किती दिसतो ते बघा, आणि तेवढ्या दिसण्याच्या पट्ट्यात गुडघ्याच्या वर काही नको. एवढं करून जो तुकडा शिल्लक राहतो, बहुतेक वेळा एका कडेचा तिरका तुकडा असतो, तो तुमचा. छोटा निघाला म्हणून हिरमुसू नका, कारण जागेचा आकार एकदा समजला की अर्धं डिझाईन तिथंच सुचायला लागतं.

याच वेळी अजून काही गोष्टी बघून ठेवा. सकाळचं ड्रिल कुठं होतं, होज (पाण्याचे लांब पाइप) कुठं पसरतात, धुतलेले होज कुठं वाळत घालतात, पाण्याची जमिनीखालची टाकी कुठं आहे, वरून वायरी कुठून गेल्यात. टाकीच्या स्लॅबवर शिल्प बसवायचा मोह होतो कारण ती जागा मोकळी दिसते, पण ते करू नका, झाकण उघडायला लागतं आणि स्लॅब त्या वजनासाठी धरलेला नसतो. लाईटचंही तसंच. शिल्पावर लाल, लुकलुकणारे दिवे नकोत, रस्त्यावरच्या माणसाला गाडी निघाली की काय असं वाटतं, आणि रोज तसं वाटायला लागलं की खऱ्या वेळी कोण बाजूला होणार? चकचकीत पॉलिश केलेलं स्टेनलेस स्टीलही पूर्वेकडं तोंड असेल तर टाळा, सकाळचं ऊन त्यावरून थेट ड्रायव्हरच्या डोळ्यात येतं. घ्यायचंच असेल तर मॅट घ्या.

आता ज्वाला. बघा, ज्वाला सुचते कारण ती लगेच कळते आणि धातूच्या पत्र्यात कापायलाही छान दिसते. पण त्या केंद्रातली माणसं जी गोष्ट विझवायला जातात तिचंच स्मारक त्यांच्या दारात उभं करायचं हे मला कधी पटलेलं नाही. कुणाचं तरी घर जळालेलं असतं, कुणाचा उसाचा फड जळालेला असतो, ती बाई त्या केंद्रात पंचनाम्याच्या कागदासाठी येते आणि दारातच तिला सोनेरी ज्वाला दिसते. तिच्या बाजूनं विचार करा. शिवाय आपल्या भागात या लोकांचं काम नुसतं आगीचं कुठं आहे? फडाला लागलेली आग, गॅसची गळती, पावसात पडलेली झाडं, विहिरीत पडलेली म्हैस, आणि सांगलीत तर पूर. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळेला या शहरानं बघितलंय की लाल गाडीतली माणसं बोटीत कशी दिसतात. सांगलीच्या अग्निशमन केंद्राच्या शिल्पात आग जितकी आहे तितकंच पाणी असायला पाहिजे, दोन्ही अर्थानं, विझवायचं पाणी आणि ज्यातून माणसं काढायची ते पाणी.

मुलाला घेतलेला जवान. भावना खरी आहे, तुमच्या मनापासून आलेली आहे हे स्केचबद्दल लिहिलंय त्यावरून कळतंय. अडचणी दोन आहेत. पहिली मापाची आणि पैशाची. उघड्यावर माणसाच्या मापाचा पुतळा खुजा दिसतो, आकाश त्याला खाऊन टाकतं, म्हणून सव्वापट ते दीडपट करायला लागतो. उंची दीडपट केली की पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि मातीचं वजन जवळजवळ साडेतीनपट. गनमेटल (ब्राँझचा एक प्रकार) साधारण ६ मिलिमीटर जाडीत ओतलं तर चौरस मीटरला पन्नास-बावन्न किलो धातू लागतो. माणसाच्या अंगाचा पृष्ठभागच पावणेदोन-दोन चौरस मीटर, त्यात गणवेश, बूट, हेल्मेट, कडेवरचं मूल, आणि हे सगळं सव्वादोनपट, म्हणजे धातूच तीनशे किलोच्या आसपास जातो. मग माती, साचा, मेण, ओतकाम, जोडकाम, फिनिशिंग, वाहतूक, चौथरा. ८ लाखात हे चांगलं होत नाही, आणि म्हणूनच समिती फायबर म्हणते. दुसरी अडचण म्हणजे गणवेश. जवानांची किट बदलत राहते, हेल्मेट बदलतं, श्वसनयंत्र बदलतं. बारकावे चुकले तर रोज तिथं काम करणाऱ्या माणसाला ते खुपतं, आणि बरोबर केले तर दहा वर्षांत जुने दिसतात.

आकृती घेणं बरोबर ठरतं ते कर्तव्यावर गेलेल्या माणसांच्या स्मारकात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ती आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या आठवणीत आपण दरवर्षी १४ एप्रिल पाळतो आणि तिथून पुढं आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. तुमच्या केंद्राचं असं काही स्मारक करायचा विचार असेल तर आधी गेलेल्या जवानांच्या घरच्या लोकांना भेटा, नावं कशी लिहायची, चेहरा हवा की नको हे त्यांना विचारा, आणि मग हे माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा कारण तो वेगळा विषय आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून हे स्मारक नाही, वस्तीतलं एक रोजचं केंद्र आहे.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर सामानाकडं बघितलं असतं. बंबाचा पंप उघडलेला बघा एकदा. सेंट्रीफ्युगल पंपाचं बाहेरचं कवच, ते शंखासारखं फिरत फिरत रुंद होत जाणारं, त्याला व्होल्यूट म्हणतात. मधलं चक्र पाण्याला वेग देतं आणि ते रुंदावत जाणारं कवच त्या वेगाचा दाब करतं, म्हणून पाणी तिसऱ्या मजल्यावर पोचतं. हा आकार कुणी सुंदर दिसावा म्हणून काढलेला नाही, पाण्याला तसंच जावं लागतं म्हणून तो तसा आहे, आणि त्याच्यातच त्याची ताकद आहे. आणि हा आकार आपल्या जिल्ह्याचाच म्हणायला पाहिजे. किर्लोस्करवाडी १९१० ला पलूसजवळच्या माळावर वसली, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर, आणि तिथले पंप महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर पोचले. इथल्या कितीतरी घरांत कुणीतरी फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम केलेलं आहे. तो मोठा केलेला, माणूस आत बसू शकेल एवढा व्होल्यूट तुमच्या केंद्रासमोर असेल तर त्या भागातल्या रिटायर्ड फिटरला तो न सांगता कळेल, आणि नातवाला तो समजावून सांगेल. लहान मुलांना तो नुसता शंख दिसेल, त्यात बसतील, तेही चांगलंच आहे.

याचा मोठा फायदा म्हणजे तुम्हाला तो बिडात, म्हणजे कास्ट आयर्नमध्ये, ओतता येतो. कला-ओतकामाच्या भट्टीकडं न जाता कुपवाड, पलूस किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या साध्या फाउंड्रीत काम होतं, आणि बिडाचा भाव गनमेटलच्या पुढं काहीच नाही. पण तिथं वाळूच्या साच्यात ओततात, मेणाच्या पद्धतीत चालतं ते सगळं इथं चालत नाही. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घेतात तो नमुना, वाळूतून वर निघाला पाहिजे, म्हणजे कडांना थोडा उतार पाहिजे, आत वळलेले खोबणीचे आकार टाळायचे किंवा कोअर, म्हणजे पोकळीच्या जागी वाळूचा वेगळा तुकडा, टाकायचा, आणि जाडी सगळीकडं सारखी ठेवायची, एकदम जाड आणि लगेच पातळ असं केलं की थंड होताना तडा जातो. पॅटर्न मेकरला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ही माणसं फार हुशार असतात, तुमच्या मातीच्या मॉडेलकडं बघून ते पाच मिनिटांत सांगतील की कुठं दोन तुकडे करायचे आणि जोड कुठं लपेल. तुकडे किती वजनाचे करायचे हे टेम्पो आणि हायड्रा (क्रेन) बघून ठरवा. बिडाचं अजून एक चांगलं म्हणजे चोरांना त्याचा पितळेइतका मोह नसतो, पितळ आणि गनमेटल रात्रीत कापून नेतात, उघड्यावरचे नळ सुद्धा सोडत नाहीत तर शिल्प काय सोडणार. त्यामुळं जुने पितळी ब्रँच (होजच्या तोंडाची नळी), कपलिंग (होज जोडायचे सांधे) वगैरे लावायचा विचार असेल तर हाताला न येणाऱ्या उंचीवर किंवा काँक्रीटमध्ये अर्धे पुरून लावा. आणि ते केंद्राकडून असेच उचलून आणू नका, ते डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयाच्या वस्तूंच्या नोंदवहीत असतात, निर्लेखन होऊन (नोंदीतून काढून) लेखी आदेश मिळाल्याशिवाय कुणी देऊ शकत नाही, नाहीतर ज्या बिचाऱ्यानं दिलं तो ऑडिटला अडकतो.

दुसरी गोष्ट पुराची, जर तुमच्या भागात पाणी येत असेल तर. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, सांगलीतलं पोरगंसुद्धा पावसाळ्यात सकाळी विचारतं पुलाला किती फूट झालं. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. केंद्राच्या आवारात काळ्या पाषाणाचा एक उभा खांब आणि त्यावर त्या त्या वर्षाच्या पाण्याच्या खुणा, एवढं जरी केलं तरी ते शिल्प पुराच्या दिवशी लोकांच्या उपयोगाला येतं. पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पुलाच्या पट्टीवरचे फूट हे नदीचे फूट आहेत, तुमच्या जमिनीपासूनचे नाहीत. ५७ फूट म्हणून खांबावर ५७ चा आकडा कुठंही कोरला तर ते खोटं होतं. सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून, जवळच्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) लेव्हल आणून, पुलाला इतकं असताना आपल्या आवारात पाणी कुठं होतं ते काढून घ्यायचं, आणि शेजारच्या घरांच्या भिंतीवर लोकांनी ज्या खुणा ठेवल्यात त्यांच्याशी ताडून बघायचं. माझ्या अनुभवात हे विचारायला दारोदार गेलं की लोक आपणहून बाहेर येतात, पाणी कुठवर होतं ते हात वर करून दाखवतात, आणि शिल्प उभं राहायच्या आधीच ते त्यांचं झालेलं असतं. पाणी येतच नसेल तर मात्र हा खांब तिथं नको.

आता फायबरचं. फायबर सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही, सावलीत, आत, छताखाली चांगलं टिकतं. पण उघड्यावर आपल्या उन्हात वरचा थर पांढुरका पडतो, केसासारख्या चिरा येतात, त्यात पाणी जातं आणि आतला सांगाडा गंजतो. आणि मूळ गोष्ट म्हणजे फायबर ज्यात बांधतात तो साधा पॉलिस्टर रेझिन पेटतो, काळाकुट्ट धूर सोडत पेटतो. अग्निशमन केंद्राच्या दारात पेटणारी वस्तू ठेवायची का हे तुम्ही समितीत फायर ऑफिसरांनाच विचारा, उत्तर तिथंच मिळेल. आग-रोधक रेझिन मिळतो, पण त्याची किंमत धरली की स्वस्तपणा बराचसा संपतो.

लोखंडी पत्रा वापरणार असाल तर हॉट डिप गॅल्वनाइज करून वर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. पोकळ भाग असतील तर त्याला भोकं ठेवायची, हवा आणि जस्त जायला-यायला, बंद पोकळी वितळलेल्या जस्तात बुडवली तर ती फुटते आणि माणसं भाजतात. टाकीचं माप आधी विचारा, त्यात बसेल एवढेच तुकडे करा. लाल रंगाचा हट्ट धरू नका. बंबाचा जो भडक लाल असतो तो गाडीवर टिकतो कारण गाडी बहुतेक वेळ शेडमध्ये असते, उघड्यावर तोच लाल फिकट गुलाबी होत जातो. लालच हवा असेल तर गेरूचा, म्हणजे आयर्न ऑक्साइडचा लाल घ्या, तो उन्हाला दाद देत नाही आणि बिडाच्या, दगडाच्या शेजारी शोभतो. कॉर्टेन स्टील, ज्यावर मुद्दाम गंजाचा थर धरू देतात ते, सध्या फॅशनमध्ये आहे, ओलं-वाळलं होत राहिलं तर चांगलं, पण बुडाशी चिखल साचून राहिला की तिथं ते खात जातं, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं फरशीवर तांबडे ओघळ येतात. दगडाबद्दल तुम्हाला काही समजवायला नको, काळा पाषाण आपल्या सह्याद्रीचा, घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास वजन, कोरायला चिवट, पण एकदा बसला की बघायला लागत नाही. बसायचे कट्टे दगडाचेच करा. एप्रिल-मे मध्ये गडद धातू भाजतो, तेव्हा मुलं हात लावतील ती बाजू दक्षिण-पश्चिमेला नको किंवा तिथं झाडाची सावली येईल असं बघा.

पाया हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मी इथंच सगळ्यात जास्त वेळ घालवते. सांगलीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर नुसता चौथरा टाकला की दोन पावसाळ्यांत कलतो. माती परीक्षण करून घ्या, मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत जा, थर फार खोल असेल तर इंजिनिअर पाइल (खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब) सांगेल. वाऱ्याचा हिशोबही त्याच्याकडूनच. आपल्या भागात आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, त्याचा दाब चौरस मीटरला ९०-९५ किलोच्या घरात जातो, आणि त्यावर उंचीचे, आकाराचे गुणक वेगळे. तुमची ती पत्र्याची उंच ज्वाला वाऱ्याला शिडासारखी सामोरी जाणार, हेही लक्षात घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ते बघून महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिल्पकाराच्या पोटात गोळा आला. आपण आकार करतो, तो उभा ठेवायची जबाबदारीही आपलीच आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग असल्याशिवाय पायाचा खड्डा सुद्धा घेऊ नका, त्याची फी बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. पाणी साचेल तिथं नट-बोल्ट लपवू नका, प्रत्येक खोलगट भागाला पाणी जायला भोक ठेवा. व्होल्यूटसारख्या आकारात तर हे हमखास विसरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, रस्ता, फुटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असा. त्यामुळं शिल्प कंपाउंडच्या आतच घ्या आणि महापालिकेचा ठराव, जागेचा नकाशा हे सगळं हातात असू द्या. महापुरुषांचा पुतळा असता तर क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता वगैरे लागली असती. तुमचं तसं नाही, तरी महापालिकेकडून लेखी खात्री करून घ्या. पैशाचे हप्ते टप्प्यांवर बांधा, छोटं मॉडेल मंजूर झाल्यावर, पॅटर्न झाल्यावर, ओतकाम झाल्यावर, बसवल्यावर. कोनशिलेची जागा तुम्हीच डिझाईनमध्ये आधी दाखवा, कट्ट्याच्या उभ्या बाजूला वगैरे, नाहीतर ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शिल्पाच्या तोंडावर येते. देखभालीचं एक पान मराठीत टाइप करून केंद्रप्रमुखांकडं द्या, पावसाळा संपल्यावर काय धुवायचं, कशानं पुसायचं, कुठला रंग परत मारायचा. तिथं पाणी आहे, होज आहे, शिस्तीची माणसं आहेत, इतकी चांगली देखभाल दुसऱ्या कुठल्या शिल्पाच्या नशिबात नसते.

एक सुचवू का, मॉडेलला बसायच्या आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या, सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथल्या भवानी संग्रहालयात इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मूल हे शिल्प आहे. तुमच्या दुसऱ्या स्केचमध्ये जे तुम्हाला म्हणायचंय, कुणीतरी कुणाला तरी जपतंय, ते चेहरा आणि गणवेश न दाखवता नुसत्या वस्तुमानातून कसं येतं ते तिथं उभं राहून बघा. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम तिथं पाठवते. मग परत येऊन तो व्होल्यूट बघा, आतली पोकळी, बाहेरचं जाड कवच, आणि आत बसलेलं मूल. तुमचं स्केच कुठं गेलेलं नाही, तेच आहे.

८ लाखात माझ्या अंदाजानं हे बसवता येईल: बिडाचा एक आकार, दगडाचा कट्टा, जमत असेल तर खुणांचा खांब, नीट पाया आणि इंजिनिअर. नेमके दर मी सांगत नाही कारण फाउंड्रीचा दर वजनावर आणि पॅटर्नच्या किचकटपणावर जातो, तीन ठिकाणी मॉडेलचे फोटो दाखवून कोटेशन घ्या.

वेळेबद्दल मात्र समितीशी आधीच स्पष्ट बोला. १४ एप्रिलला उद्घाटन करूया असं कुणीतरी म्हणणारच, तारीख योग्यच आहे, पण मग पाया आदल्या दिवाळीनंतर जमीन वाळली की लगेच व्हायला पाहिजे आणि ओतकाम फेब्रुवारीत हातात पाहिजे. ते जमणार नसेल तर पुढच्या वर्षीची १४ एप्रिल घ्या. सध्या तुम्ही फक्त दोन कागद मिळवा, प्लॉटचा लेव्हलसकट नकाशा आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट, आणि फक्की मारून गाडी फिरवली की त्याचे वरून, गच्चीवरून काढलेले फोटो. ते इथं टाका, मग कुठला तुकडा उरतो आणि त्यावर किती वजन पेलेल ते बघून मापावर बोलू.